विकलेला माल ग्राहकाच्या घरी तसाच पडून असेल तर? एक इंचाच्या सैनिकांकडून शिकण्यासारखा धंद्याचा धडा



दुकानदार म्हणून आपण स्टॉक मोजतो तो आपल्या रॅकवरचा. काय संपलं, काय पडून आहे, कशात पैसे अडकलेत, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण एक स्टॉक आपण कधीच मोजत नाही. तो म्हणजे आपण विकलेला, पण ग्राहकाच्या घरी कपाटात न उघडता पडलेला माल.

भरतकामाचं किट, वारली पेंटिंगचा सेट, कुंडी-माती-बियाणांचं पॅकेट, केक शिकायचा कोर्स, गिटार. यात ग्राहक नुसती वस्तू घेत नाही, "मी हे करणार" असं स्वतःला कबूल करून घरी जातो. ते झालं नाही की तो परत आपल्या दुकानात यायला संकोचतो. वाईट रिव्ह्यू देत नाही, भांडत नाही. फक्त येत नाही. आणि आपल्याला वाटतं, समोरच्याने भाव पाडला म्हणून गिऱ्हाईक गेलं.

हा प्रश्न जगात कोणी सोडवलाय का, हे शोधताना मला एक छान उदाहरण सापडलं. आज तेच सविस्तर बघूया. छंद आहे वॉरगेमिंगचा, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायचा. मुख्य घर ब्रिटन.

आधी छंद समजून घेऊ

हा खेळ जुना आहे. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं छोट्या सैनिकांच्या खेळाचं पुस्तक लिहिलं होतं. आज काही लोक इतिहासातल्या लढाया खेळतात. वॉटर्लू खेळतात, तशी आपल्या जालना जिल्ह्यातली १८०३ ची असईची लढाईसुद्धा खेळतात. काही लोक काल्पनिक जगातल्या लढाया खेळतात. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे वॉरहॅमर, आणि ते बनवणारी कंपनी गेम्स वर्कशॉप. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी आता नॉटिंगहॅममधून चालते.

सैनिक साधारण २८ ते ३२ मिलीमीटर उंच, म्हणजे जेमतेम एक-सव्वा इंच. गंमत अशी की हा सैनिक रंगवलेला मिळत नाही. प्लास्टिकच्या चौकटीत त्याचे हात, पाय, डोकं वेगवेगळं येतं. ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं. मग प्रायमर मारायचा, मूळ रंग भरायचे, पातळ गडद रंगाचा वॉश सोडायचा म्हणजे खाचांमध्ये सावली बसते, मग उंच कडांवर फिकट रंग, आणि शेवटी पायाखालच्या चकतीवर माती-गवत. साधा सैनिकसुद्धा नवशिक्याचा एक-दोन तास सहज घेतो. आणि फौज उभी करायची तर असे पन्नास, कधी शंभर लागतात.

आता हिशोब बघा. खोका विकत घ्यायला पाच मिनिटं, रंगवायला कित्येक आठवडे. त्यामुळे या छंदातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी न रंगवलेल्या खोक्यांचा ढीग असतो. त्या ढिगाला त्यांनी नावच ठेवलंय, 'पाइल ऑफ शेम'. म्हणजे लाजेचा ढीग! चेष्टेने म्हणतात, पण नावात खरं दुखणं आहे. पैसे घातलेत, इच्छा आहे, आणि होत नाहीये.

ढीग कोणाचा प्रॉब्लेम?

तुम्ही म्हणाल, सर, पैसे तर दुकानदाराला मिळाले. रंगवो नाहीतर न रंगवो!

थोडक्या काळापुरतं हे खरं आहे. आणि स्पष्टच सांगायचं तर हा ढीग कंपन्यांच्या विक्रीतूनच वाढतो. नवीन खोका, मर्यादित आवृत्ती, "आत्ता नाही घेतला तर मिळणार नाही", असा सगळा मारा असतो. पण ज्याच्या घरी दहा खोके बंद पडलेत, तो अकरावा घेताना बिचकतो. घरातली माणसंही विचारतात, "आधीचं काय झालं?" आणि एक दिवस तो सगळा ढीग अर्ध्या किमतीत दुसऱ्याला विकून मोकळा होतो. म्हणजे एक ग्राहक कायमचा गेला, आणि त्याचा स्वस्त माल बाजारात आपल्याच नव्या मालासमोर येऊन उभा राहिला. दुहेरी मार.

उलट ज्याने एक खोका पूर्ण रंगवला त्याचं बघा. त्याचा हिरवा रंग संपलाय. ब्रश झिजलाय. हात बसलाय, आणि "आता घोडेस्वार करून बघू का?" असा विचार डोक्यात आहे. हा माणूस स्वतःहून दुकानात येतो, कारण त्याला खरोखर वस्तू हवी असते.

म्हणून अशा धंद्यात आपला खरा स्पर्धक शेजारचा दुकानदार नाही. ग्राहकाच्या घरचं अर्धवट राहिलेलं काम हा आपला स्पर्धक आहे.

चार मित्र, एक बजेट, दर महिन्याचा हिशोब

यावरचा उपाय कोणत्या मॅनेजमेंट गुरूने काढला नाही. छंद करणाऱ्यांनी आपापसात काढला. सगळ्यांनी मिळून रंगवायचं चॅलेंज!

याचं गाजलेलं रूप गेम्स वर्कशॉपच्या 'व्हाइट ड्वार्फ' या मासिकात आलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'अ टेल ऑफ फोर गेमर्स' नावाची लेखमाला चालवली. चार जण. प्रत्येकाने नवीन फौज सुरू करायची. दर महिन्याला ठरलेल्या बजेटमध्येच खरेदी, आणि महिनाभरात काय रंगवलं ते वाचकांना दाखवायचं. एकाची प्रगती जोरात, दुसऱ्याची रडतखडत, पण चौघांची फौज महिन्यामागून महिना वाढताना वाचकांनी बघितली. वाचकांना ते इतकं आवडलं की आजही ठिकठिकाणचे मित्र चार जण, सहा जण, दहा जण जमून त्याच धर्तीवर चॅलेंज लावतात.

नंतर याचे खूप प्रकार निघाले. कोणी हिवाळ्याचे तीन महिने चॅलेंज लावतं आणि गुण देतं: पायदळाच्या सैनिकाला कमी, घोडेस्वाराला जास्त, अगदी बारक्या सैनिकाला अर्धा गुण. प्रत्येकाने सुरुवातीलाच स्वतःचं लक्ष्य जाहीर करायचं. कोणी म्हणतं २००, कोणी १,०००. ऑर्क नावाचे राक्षसी सैनिक असतात, तर ऑक्टोबरमध्ये फक्त तेच रंगवायचे आणि महिन्याचं नाव 'ऑर्क्टोबर'!

यात बक्षीस बहुतेक वेळा नसतंच. तरी लोक ऑफिसवरून थकून आल्यावर अर्धा तास दिव्याखाली बसतात. का बसतात? इथेच आपल्या कामाचा मुद्दा आहे.

हे चालतं कशामुळे?

आपल्याकडचं उदाहरण घेऊ म्हणजे पटकन कळेल. दिवाळीतला किल्ला आठवा. दगड, माती, पोती, अळीव पेरायचं, बाजारातून मातीचे मावळे आणायचे. एवढं कष्टाचं काम, पण गल्लीतल्या पोरांचा किल्ला कधी अर्धवट राहिलेला बघितलाय? फारच क्वचित. कारण पहिल्या आंघोळीला तो तयार पाहिजे, आणि पलीकडच्या वाड्यातली पोरं बघायला येणार असतात. तीच पोरं एकटी असतील तर गृहपाठाची वही पूर्ण करत नाहीत!

रंगकामाच्या चॅलेंजमध्येही हेच चार घटक दिसतात:

१. तारीख ठरलेली असते. "जमेल तसं करू" यातलं "जमेल" कधी येत नाही. सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा पाहिजेत.

२. काम छोट्या तुकड्यात मोडलेलं असतं. "फौज रंगव" म्हटलं की माणूस घाबरतो. "या आठवड्यात पाच सैनिक" म्हटलं की बसतो.

३. 'पूर्ण' म्हणजे काय, हे आधीच ठरलेलं असतं. हा मुद्दा नीट वाचा. हौशी माणूस अडकतो तो बहुतेक वेळा परफेक्शनमध्ये. डोळा नीट जमला नाही म्हणून सैनिक महिनाभर तसाच. गेम्स वर्कशॉपने यावर सोपी पायरी आखून दिली: 'बॅटल रेडी'. मुख्य भागांवर मूळ रंग, थोडी सावली, खालची चकती पूर्ण, झालं काम! याच्या वर आणखी बारीक काम करायचं असेल तर 'परेड रेडी'. २०२० च्या वॉरहॅमर ४०,००० च्या नियमांत तर त्यांनी खेळातल्या १०० पैकी १० गुण फक्त फौज बॅटल रेडी असल्याबद्दल ठेवले. कला किती सुंदर आहे यावर गुण नाहीत, पूर्ण केली यावर आहेत.

४. कोणीतरी बघणारं असतं. परीक्षक नाही, सोबती. "अरे वा, ढाल भारी झालीय" एवढं म्हणणारा एक जण पुरतो. आणि आपलं काम रखडलं असेल तर बाकीच्यांचं रखडलेलंही दिसतं, त्यामुळे कमीपणा वाटत नाही.

स्पर्धा आणि चॅलेंज यांत गल्लत नको

आपल्याकडे कोणीही म्हणतं, "स्पर्धा घेऊ, पहिला नंबर पाच हजार रुपये." थांबा. स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. चॅलेंजमध्ये जो पूर्ण करेल तो जिंकतो.

गेम्स वर्कशॉपकडे दोन्ही आहेत. १९८७ पासूनची 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा. तिथली कामं भिंगातून बघण्यासारखी असतात. ती बघून लोकांना प्रेरणा मिळते, पण नवशिका तिथे उतरत नाही. दुसरीकडे 'आर्मीज ऑन परेड' हा उपक्रम. तुमची स्वतःची फौज एका फळीवर सजवा आणि तुमच्या जवळच्या दुकानात आणून मांडा. इथे शाळकरी मुलगाही येतो, त्याच्यासोबत त्याचे आई-बाबा येतात. दुकानाला गर्दी कोणत्या उपक्रमातून मिळत असेल, तुम्हीच विचार करा.

त्यांच्या दुकानांची पद्धतही बघण्यासारखी आहे. जगभरात स्वतःची पाचशेहून जास्त दुकानं, आणि त्यातली बरीचशी एकच माणूस चालवतो! छोटी जागा, एक टेबल, रंग, ब्रश. नवीन माणूस आला की त्याला एक सैनिक फुकट देतात आणि तिथेच बसवून रंगवायला शिकवतात. म्हणजे बिल फाडण्याआधीच त्याच्या हातून एक काम पूर्ण झालेलं असतं. जागा आणि माणसं कमी असूनही हे करता येतं, हे आपल्यासारख्या लहान दुकानदारांनी लक्षात घ्यावं.

या कंपनीनेही वाईट दिवस बघितलेत. २००१ पासून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांच्या लाटेवर त्यांची विक्री जोरात वाढली. लाट ओसरली तशी विक्री घसरली, आणि २००६-०७ मध्ये कंपनी तोट्यात गेली. चित्रपट बघून खोका घेणारे पुष्कळ होते, छंदात टिकणारे थोडे. पुढे २०१६ च्या सुमारास कंपनीने ग्राहकांशी पुन्हा मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. २०१९ मध्ये 'कॉन्ट्रास्ट' नावाचे रंग आणले, ज्यात एकाच थरात रंग आणि सावली दोन्ही बसतात, म्हणजे नवशिक्याचं काम भराभर उरकतं. २०१६ मध्ये पाच पौंडांच्या आसपास असलेला शेअर २०२४ च्या शेवटी १३० पौंडांच्या वर गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत आली. याचं सगळं श्रेय रंगकामाला नाही, पुस्तकं, व्हिडिओ गेम, नवीन मॉडेल्स अशी बरीच कारणं आहेत. पण ग्राहकाचं काम पूर्ण व्हावं म्हणून त्यांनी पैसा आणि डोकं लावलं, हे दिसतंच.

आणखी एक उदाहरण. डेन्मार्कमध्ये २००७ मध्ये 'द आर्मी पेंटर' ही कंपनी सुरू झाली ती याच दुखण्यावर. लोकांना रंगवायला वेळ नाही, मग रंगीत प्रायमरचे स्प्रे द्या, सावलीसाठी सैनिक बुडवायचं व्हार्निश द्या. दुसऱ्याच्या ग्राहकांच्या घरचा ढीग बघून यांनी स्वतःचा धंदा उभा केला!

आता आपल्या धंद्यात कसं वापरायचं?

समजा, तुम्ही भरतकामाची किट विकता. किंमत ४५० रुपये, तुमचं मार्जिन १८० रुपये. आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय, तुमचे तुम्ही टाका.

आव्हान: घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. नवरात्रात रोज एक रंग असतो, बायका हौसेने त्या रंगाची साडी नेसतात. तर रोज त्या दिवसाच्या रंगाच्या दोऱ्याने एक पान किंवा एक फूल. नऊ दिवस, नऊ रंग, एक रिंग पूर्ण. दसऱ्याला दुकानात सगळ्या रिंगा मांडायच्या.

नियम: ज्यांनी आधी किट नेलंय पण उघडलं नाही, त्यांना पहिलं आमंत्रण. नवीन खरेदीची सक्ती नाही. एखादा रंग नसेल तर त्या रंगाची लच्छी तेवढी द्या.

'पूर्ण' म्हणजे काय: नऊ पानं, टाका कोणताही. साखळी टाका चालेल, धावता टाकाही चालेल. मागची बाजू कोणी बघणार नाही!

सोबत: व्हॉट्सअॅप ग्रुप, वीस जणींपेक्षा मोठा नको. रोज रात्री फोटो. शनिवारी दोन तास दुकानात बैठक, अडलं तिथे तुम्ही शिकवायचं.

भेट: पूर्ण करणाऱ्या प्रत्येकीला पंचवीस रुपयांची छोटी वस्तू. पहिला-दुसरा नंबर नाही.

आता हिशोब करू. वीस जणी उतरल्या, बारा जणींनी पूर्ण केलं. भेटवस्तूंचा खर्च ३०० रुपये. त्या बारांतल्या सहा जणींनी पुढचं किट नेलं तर मार्जिन १,०८० रुपये. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, पहिल्या फेरीत एवढंच. पण बारा घरांच्या भिंतीवर तुमच्या दुकानातलं काम लागलं, आणि येणारा पाहुणा विचारणार, "हे कुठून आणलं?" जाहिरातीचा दर काढून बघा, मग कळेल. शिवाय आठ जणी कुठे अडकल्या हेही तुम्हाला समजलं. सगळ्या चौथ्या दिवशी अडकल्या असतील तर चूक त्यांची नाही, तुमच्या किटमधल्या सूचनेची आहे. ही माहिती एरवी कोणी देत नाही.

हेच गणित गच्चीवरच्या बागेला लावा: पेरणीपासून मेथीच्या पहिल्या जुडीपर्यंत. बेकिंगच्या क्लासला लावा: चार रविवार, चार प्रकारचे ब्रेड.

तीन गोष्टी टाळा

एक, चॅलेंजच्या नावाखाली माल खपवू नका. 'टेल ऑफ फोर गेमर्स' मध्ये बजेटला मर्यादा होती, हे विसरू नका. चॅलेंजमुळे घरचा ढीग कमी झाला पाहिजे. वाढला, तर लोकांना तुमचा डाव लगेच कळतो, आणि गेलेला विश्वास डिस्काउंट देऊन परत येत नाही.

दोन, मागे पडलेल्याला ग्रुपवर टोकू नका. कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणाची डबल शिफ्ट असते. "दोनच पानं झाली तरी फोटो टाका, छान दिसतंय" एवढं बोला. वॉरगेमिंगवाले काही जण आता 'लाजेचा ढीग' म्हणायचं सोडून 'संधीचा ढीग' म्हणतात. शब्द बदलला तरी फरक पडतो.

तीन, वर्षभर चॅलेंज चालवू नका. दर महिन्याला चॅलेंज म्हणजे कोणत्याच महिन्याला नाही. वर्षात दोन पुरेत. किल्ला दिवाळीतच होतो म्हणून त्याची मजा आहे.

या आठवड्याचा होमवर्क

वही घ्या. गेल्या वर्षभरातल्या दहा ग्राहकांची नावं लिहा, ज्यांनी एकदा खरेदी केली आणि परत आले नाहीत. त्यांना फोन करा. ऑफर सांगू नका, नवीन मालाचं नाव काढू नका. फक्त एवढंच विचारा: "ताई, तुम्ही नेलेलं किट झालं का हो पूर्ण? कुठे अडलं असेल तर सांगा, मी आहे."

दहा उत्तरं लिहून काढा. तुमच्या धंद्याची पुढची पायरी बहुतेक त्या वहीतच सापडेल. पुढच्या व्हिडिओत आपण या उत्तरांवरून चॅलेंजचे नियम कसे आखायचे ते प्रत्यक्ष करून बघू. वही सोबत ठेवा. भेटूया!